पाळीआधीचा आठवडा आणि आपली रोजकीर्द

मासिक पाळीसाठी आपल्या बोलीत शब्दांची वाण नाही. 'कावळा शिवला', 'अडचण आली', 'बाहेरची झाली', 'दूर बसली' असे कितीतरी शब्दप्रयोग आपण आजी-आत्यांच्या तोंडून ऐकले आहेत. शेजारच्या कन्नड घरात हीच गोष्ट 'मुट्टु' या शब्दाने सांगतात, आणि 'मुट्टु' म्हणजेही शिवणेच. तिकडेही बाई 'होरगे' होते, म्हणजे बाहेरच होते. दोन भाषा वेगळ्या, लिपी वेगळी, पण शिवाशिव आणि बाहेर बसणे या दोन्ही कल्पना भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच. त्या चार दिवसांची व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही. तरीपण त्या दिवसांची दखल घरादाराला घ्यावी लागत असे, एवढे मात्र खरे.

याउलट पाळी येण्यापूर्वीच्या आठवड्याला यांपैकी कोणत्याही भाषेत रूढ असे नाव नाही. त्या आठवड्यात अनेक मुलींचे डोके जड होते, छाती दुखते, पोट फुगल्यासारखे वाटते, झोप उडते किंवा अतोनात येते. क्षुल्लक कारणाने रडू कोसळते, ज्या माणसावर आपला सर्वाधिक जीव त्याच्यावरच आवाज चढतो, आणि पुस्तक उघडले तरी अक्षर डोक्यात शिरत नाही. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत हे मळभ निघून जाते. अलीकडे याला 'पी.एम.एस.' अशी तीन इंग्रजी अक्षरे मिळाली आहेत. पण ती बहुधा थट्टेतच वापरली जातात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगायला नको. ज्या खात्याला नाव नाही, त्या खात्यावर नोंद करता येत नाही; आणि मग ती रक्कम भलत्याच खात्यावर जाऊन बसते. या आठवड्याचेही तसेच झाले आहे. त्याची नोंद 'स्वभाव चिडका आहे', 'अभ्यास टाळते', 'हल्ली फार उलट बोलते' अशा खात्यांवर होते. कित्येकदा ती नोंद घरचे करतात, आणि काही वर्षांनी ती मुलगी स्वतःही तीच नोंद खरी मानू लागते. यात नुकसान कोणाचे होते हे उघड आहे. म्हणून हा आठवडा काय आहे, तो ओळखावा कसा, आणि आपल्याच हातांनी तो सुसह्य कसा करावा, याचा थोडा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शरीरात काय घडते?

पाळीचे चक्र सरासरी २८ दिवसांचे असे आपण म्हणतो. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्रही सामान्य समजले जाते. मोजणी रक्तस्राव सुरू झालेल्या दिवसापासून करावयाची. तो पहिला दिवस. चक्राच्या मध्यास, म्हणजे पुढील पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, बीजकोशातून बीज बाहेर पडते. त्यानंतर इस्ट्रोजेनबरोबरच प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. गर्भधारणा झाली नाही, तर शेवटच्या काही दिवसांत ही दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात आणि पाळी येते. पाळीपूर्व त्रासाचा काळ तो हाच, बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा, आणि त्यातही विशेषतः शेवटचा आठवडा.

संप्रेरकांची ही चढउतार पाळी येणाऱ्या बहुतेक सर्वच स्त्रियांत होते. मग एकीला काहीच जाणवत नाही आणि दुसरी हैराण होते, असे का? पूर्वी समजूत अशी होती की त्रास होणाऱ्या स्त्रीच्या रक्तात संप्रेरकांचे प्रमाण बिघडलेले असते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगाने या समजुतीला धक्का दिला. त्यात औषध देऊन स्त्रियांची संप्रेरके काही काळ थांबवली, आणि नंतर ती ठराविक मात्रेत पुन्हा दिली. ज्यांना मुळात पाळीपूर्व त्रास होता त्यांच्यापैकी ज्यांचा त्रास थांबला होता, त्यांना तो पुन्हा सुरू झाला; ज्यांना तसा त्रास नव्हता त्यांना तीच संप्रेरके देऊनही मनःस्थितीत फरक पडला नाही. म्हणजे प्रमाण सारखेच, पण काही जणींचा मेंदू त्या चढउताराला अधिक तीव्र प्रतिसाद देतो. यात मुलीच्या मनाचा दुबळेपणा नाही की वळणाचा दोष नाही. एकाला धुळीने शिंका येतात, दुसऱ्याला येत नाहीत. तशातला हा प्रकार.

थोडा इतिहास

या त्रासाचे वैद्यकीय वर्णन न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली 'पाळीपूर्व ताण' या नावाने केले. पुढे १९५३ साली इंग्लंडमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून त्याला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे आज रूढ असलेले नाव दिले. डॉ. डाल्टन यांनी आयुष्यभर या विषयाचा पाठपुरावा केला. रुग्ण स्त्रीचे म्हणणे खरे मानून ऐकायचे, ही त्यांची मोठी देणगी होय. त्यांची सगळीच मते मात्र टिकली नाहीत. प्रोजेस्टेरॉन देणे हा त्यांचा मुख्य उपचार होता. पण १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तो नुसत्या बिनऔषधी गोळीहून सरस ठरला नाही.

शाळकरी मुलींच्या अभ्यासावर पाळीचा परिणाम होतो, असेही डॉ. डाल्टन यांनी १९६० च्या सुमारास लिहिले होते. आपण विद्यार्थिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर अनेकांनी स्मरण, आकडेमोड, तर्क यांची प्रत्यक्ष मोजमापे घेतली. त्यांत पाळीच्या कोणत्याही टप्प्यावर बुद्धीची ठळक आणि सर्वत्र आढळणारी घसरण दिसून आली नाही. 'माझ्याने आज काही होणार नाही' असे वाटणे आणि खरोखर काही न होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमक्या त्याच आठवड्यात सेमिस्टरचा पेपर आला, तर परीक्षेला जाऊच नये असे मनात येईल. तरी जावे. त्रास होईल, पण अभ्यास केलेला असेल तर तो कोठे गेलेला नसतो.

आठवणीवर भरवसा का ठेवू नये?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'मला दर महिन्याला हा त्रास होतो' असे आपण आठवणीने सांगतो. परंतु आठवण हा कच्चा पुरावा आहे.

डायेन रुबल या संशोधिकेने १९७७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठातील ४४ विद्यार्थिनी होत्या, म्हणजे आपल्याच वयाच्या मुली. पाळीची नेमकी तारीख सांगणारे एक नवे तंत्र आपल्याजवळ आहे, असे त्यांना भासविण्यात आले. प्रत्यक्षात सर्वांचीच पाळी सुमारे आठवडाभर दूर होती. तरी काहींना सांगितले, 'तुमची पाळी एक-दोन दिवसांत येईल'. आणि काहींना सांगितले, 'अजून सात-दहा दिवस अवकाश आहे.' ज्यांना पाळी जवळ आल्याचे सांगितले होते, त्यांनी अंग सुजल्यासारखे वाटणे, दुखणे इत्यादी तक्रारी दुसऱ्या गटापेक्षा जास्त सांगितल्या. शरीर त्याच टप्प्यावर होते. बदलली होती ती फक्त अपेक्षा.

याचा अर्थ हा त्रास खोटा आहे, असा काढणे चूक होईल. वर सांगितलेल्या १९९८ च्या प्रयोगाने तो खरा असल्याचे दाखवून दिले आहे. रुबल यांच्या प्रयोगावरून एवढेच कळते की, अपेक्षा आणि आठवण या दोन्हींची सरमिसळ होते आणि हिशेब फुगतो किंवा चुकतो. चांगल्या आठवड्यात झालेले भांडण आपण विसरतो; पाळीआधी झालेले लक्षात ठेवतो. म्हणूनच अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या पाचव्या निदानपुस्तकात या त्रासाच्या तीव्र स्वरूपाला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले तेव्हा, निदान पक्के करण्यासाठी निदान दोन चक्रांची रोजच्या रोज केलेली नोंद पाहावी, अशी अट घातली. जी वही डॉक्टरही मागतील, ती आपण आधीच का ठेवू नये? तिला खर्च काही नाही.

रोजकीर्द कशी ठेवावी?

शाळेत पुस्तपालन शिकताना पहिला धडा असतो: व्यवहार घडेल त्याच दिवशी, घडेल त्या क्रमाने लिहावा. येथेही नियम तोच. एक साधी चाळीस पानी वही घ्यावी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटांत पुढील रकाने भरावेत:

१. तारीख, आणि चक्राचा दिवस (रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे १).
२. चिडचिड किंवा राग.
३. उदासी किंवा रडू येणे.
४. धास्ती, मनावर ताण.
५. थकवा आणि लक्ष न लागणे.
६. झोप (किती तास) आणि भूक (कमी, नेहमीची, अनावर).
७. शरीर: छाती दुखणे, पोट फुगणे, डोके, कंबर.
८. आज विशेष काय घडले?

दोनपासून पाचपर्यंतच्या आणि सातव्या रकान्यात शून्य ते तीन असा आकडा टाकावा. शून्य म्हणजे नाही. एक म्हणजे जाणवले. दोन म्हणजे कामात अडथळा आला. तीन म्हणजे कामच थांबले. आठवा रकाना गाळू नये. 'बस चुकली', 'घरी स्थळाचा विषय निघाला', 'मैत्रिणीशी वाद', 'टेस्टचे गुण लागले' असे दोन-चार शब्द पुरेत. आणि चांगल्या दिवशी शून्य मांडायला विसरू नये. कारण निदान खरे म्हणजे त्या शून्यांवरच अवलंबून असते.

मागच्या आठवड्याचे आकडे आठवून एकदम भरणे म्हणजे वर्षअखेरीस बसून सगळ्या पावत्या मनाने लिहिण्यासारखे आहे. एखादा दिवस राहिला तर तो कोरा सोडावा. वही घरात दुसऱ्याच्या हाती पडेल अशी भीती असल्यास आकडे तेवढे लिहावेत. रकान्यांची नावे आपल्यालाच ठाऊक असली म्हणजे झाले.

दोन चक्रे पूर्ण झाली की खतावणी करावी. म्हणजे पाळी संपल्यानंतरच्या आठवड्याचे आकडे एका बाजूला आणि पाळीआधीच्या आठवड्याचे दुसऱ्या बाजूला मांडून बेरीज करावी. साधारण चार प्रकारची चित्रे दिसतात.

पहिले चित्र: पाळीआधी आकडे चढतात, पाळी सुरू होताच काही दिवसांत उतरतात आणि नंतरचा आठवडा जवळजवळ शून्यांचा असतो. हा पाळीपूर्व त्रास.

दुसरे चित्र: महिनाभर आकडे सारखेच चढलेले. येथे पाळीला दोष देऊन भागणार नाही. नैराश्य, थायरॉईडचा विकार, रक्तक्षय यांपैकी काही असू शकते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शंभरातील सत्तावन्न! सततच्या थकव्याचे कारण आधी येथे शोधावे. रक्ताची साधी तपासणी पुरते.

तिसरे चित्र: महिनाभर थोडे आकडे आहेतच, पण पाळीआधी ते अधिक चढतात. आधीचाच एखादा आजार, उदाहरणार्थ अर्धशिशी, दमा किंवा नैराश्य, त्या दिवसांत बळावतो. अशा वेळी मूळ आजाराचा उपचार नीट व्हावा लागतो.

चौथे चित्र: आकड्यांचा चक्राशी काही मेळच नाही, पण आठव्या रकान्याशी आहे. ज्या ज्या दिवशी घरी स्थळाचा विषय निघाला किंवा एखाद्या व्यक्तीची गाठ पडली, त्या त्या दिवशी तीनचा आकडा. येथे त्रास पाळीचा नाही, परिस्थितीचा आहे. आणि त्यावर कॅल्शियमची गोळी हा उपाय नव्हे.

आधीच केलेली तरतूद

पुढील महिन्यात कोणता आठवडा जड जाणार हे कळले, की त्यासाठी तरतूद करता येते.

आहाराचे पाहू. पाळीपूर्व त्रासावर ज्या साध्या उपायांची शास्त्रीय चाचणी झाली, त्यांत कॅल्शियमला पुष्कळ आधार आहे. १९९८ साली अमेरिकेत ४६६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एका गटाला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. तिसऱ्या चक्रात कॅल्शियमच्या गटाचा त्रास ४८ टक्क्यांनी कमी झाला, आणि नुसत्या गोळीच्या गटाचाही ३० टक्क्यांनी! म्हणजे निव्वळ लाभ मोजायचा तर १८ चा. हा लाभ खरा आहे. पण दुसरा आकडाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 'आमच्या औषधाने गुण आला' असे सांगणाऱ्या जाहिरातींत हे तीस टक्के नेहमीच मिसळलेले असतात.

आपल्या देशात प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे अशी शिफारस आहे. त्यासाठी लगेच औषधाच्या दुकानात जाण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्या किंवा भाकरी आणि आंबील मिळून एवढे साधते. दोन पेले दूध किंवा तेवढे दही यांतून साडेचारशेच्या वर मिळते. सालासकट तिळाची एक मोठा चमचाभर चटणी शंभराची भर घालते. शेवग्याचा पाला आणि मेथी आहेतच. बेरीज हजाराच्या आसपास जाते. नाचणी, तीळ आणि दही या आपल्या भागातल्या कोणत्याही घरात नवलाच्या वस्तू नाहीत. वसतिगृहातल्या मुलींनी घरून तिळाची चटणी आणि नाचणीचे पीठ आणण्यास हरकत नाही. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

'ब-६' जीवनसत्त्वाचा बोलबाला पुष्कळ आहे. १९९९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने नऊ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने उपयोग होण्याचा संभव आहे, पण चाचण्यांचा दर्जा सुमार आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. शिवाय मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना बधिरपणा येतो. म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी सुरू करू नये.

चहा-कॉफी, मीठ आणि गोड यांविषयी पुरावा बेताचाच आहे. तरी ज्यांची झोप उडते त्यांनी दुपारनंतरचा चहा, आणि ज्यांना पोट फुगल्यासारखे वाटते त्यांनी लोणचे-पापड एक महिना कमी करून पाहावे. गुण आला की नाही ते वहीच सांगेल. मात्र एका महिन्यात एकच बदल करावा. सगळे बदल एकदम केले, तर कशाने काय झाले हे कळणार नाही.

व्यायामाविषयी एवढे सांगता येईल की, अंगाला घाम येईल असे रोज अर्धा तास चालणे महिनाभर चालू ठेवले, तर मनःस्थिती आणि थकवा या दोन्हींत फरक पडतो. नेमके जड आठवड्यातच नव्याने सुरू करणे अवघड जाते, म्हणून आरंभ पाळी संपल्यावर करावा. ज्या मुली खानापूर, निपाणीकडून रोज ये-जा करतात त्यांना वेगळा वेळ काढणे कठीण. त्यांनी एक-दोन थांबे आधी उतरून चालावे. शहरात राहणाऱ्यांना किल्ला तलावाचा परिसर आहेच. झोपेची वेळ मात्र कोणीही मोडू नये. जड आठवड्यात रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीने व्याजासह वसूल होतो.

सणासुदीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणण्याची पद्धत घरोघरी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. चक्र विस्कटते, आणि वहीतली नोंदही निरुपयोगी होते.

मनाचे काय करावे?

शरीराला आहार, व्यायाम, झोप. पण या आठवड्यात खरी होरपळ मनाची होते. त्यासाठी तीन गोष्टी करता येतात.

पहिली, मोठे निर्णय लांबणीवर टाकावेत. मैत्री तोडणे, अभ्यासक्रम सोडणे, घरी निर्वाणीचे बोलणे, रागाचा मोबाईल संदेश पाठवणे, हे सारे वहीत लिहावे आणि खाली तारीख टाकावी. पाळी सुरू झाल्यानंतर पाच दिवसांनी ते पान उघडून वाचावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पान वाचल्यावर जर ती तक्रार फिकी वाटली, तर ती सोडून द्यावी. पण ती तेवढीच खरी वाटली, तर मात्र सोडू नये. शांतपणे, पण नक्की बोलावे. भावाचे ताट उचलायचे ते नेहमी मीच का, बहिणीची फी भरली आणि माझी का राहिली, असे प्रश्न पाळीआधी डोळ्यांत पाणी आणतात म्हणून ते खोटे ठरत नाहीत. एरवी आपण ते गिळतो, एवढेच. 'तुझे ते दिवस आलेत वाटतं' असे म्हणून खरी तक्रार उडवून लावली जाते. आणि आपणही ती स्वतःशी उडवून लावतो. पाळीनंतरच्या शांत आठवड्यात, वहीतले पान वाचून मांडलेल्या तक्रारीला हे उत्तर देता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे विचार तपासून पाहणे. मानसोपचारात ही पद्धत शिकवतात. तिचा साधा भाग घरीही करता येतो. कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्यात घटना: 'मैत्रीण वर्गात माझ्याकडे न पाहता गेली.' दुसऱ्यात मनात आलेला विचार: 'मी कोणालाच नको आहे.' तिसऱ्यात त्याच घटनेचे दुसरे संभाव्य कारण: 'तिचा पेपर वाईट गेला होता.' विचार लगेच पळून जातो असे नाही. पण तो एकटाच खरा नाही, एवढे तरी दिसते.

घरी आणि वसतिगृहात

ही गोष्ट एकट्याने रेटावयाची नाही. घरात सांगायचे ते भांडणाच्या भरात सांगू नये. चांगल्या दिवशी सांगावे. 'आई, पाळीच्या आधी चार-पाच दिवस मला फार लवकर राग येतो, मी वहीत लिहून पाहिलंय. तेव्हा मी उलट बोलले तर लगेच उत्तर देऊ नकोस, थोडा वेळ जाऊ दे. आणि ते दिवस गेल्यावर मी काही सांगितलं, तर मात्र ऐक.' एवढे पुरे. कित्येक आयांना हे ऐकून स्वतःचेच काहीतरी आठवेल. कारण त्यांच्याही त्या आठवड्याला कोणी नाव दिले नव्हते. वहिनी असेल तर तिच्याशी बोलणे पुष्कळदा अधिक सोपे जाते. वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणीला तारीख ठाऊक असली, की निम्मे गैरसमज टळतात.

हा लेख वाचणाऱ्या विद्यार्थी मित्रांनाही दोन शब्द. बहीण किंवा वर्गभगिनी रागावली असता तिच्या रागाचे कारण कॅलेंडरात शोधू नये. ती काय म्हणते ते ऐकावे. तिने आपण होऊन सांगितले, तर त्याची थट्टा करू नये. एवढी मदत पुष्कळ आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वर सांगितलेले उपाय सौम्य आणि मध्यम त्रासासाठी आहेत. शंभरातील साधारण दोन ते सहा स्त्रियांना याचे तीव्र रूप भोगावे लागते. २०१३ च्या निदानपुस्तकात त्याची अकरा लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच हवीत. आणि मनःस्थितीची झपाट्याने होणारी उलथापालथ, तीव्र राग, खोल उदासी, तीव्र धास्ती या चारांपैकी किमान एक त्यात असावे लागते. वहीत तीनचे आकडे महिनोन्महिने येत असतील, वर्ग बुडत असतील, नाती तुटत असतील, तर वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. या त्रासावर परिणामकारक औषधे आहेत. मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांपैकी एकाला अमेरिकेत याच आजारासाठी २००० साली मान्यता मिळाली. अशी औषधे काही जणींना केवळ चक्राच्या उत्तरार्धातच घ्यावी लागतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे आता तरी आपण विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

आणि जगणे नको असे वाटू लागले, स्वतःला इजा करावी असे मनात आले, तर दोन चक्रांची वाट पाहू नये. ही वहीत टाकून बाजूला ठेवण्याची नोंद नव्हे. त्याच दिवशी घरच्या माणसाला, वॉर्डनना किंवा विश्वासाच्या प्राध्यापिकेला सांगावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो आणि अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. पाळी आल्यावर असे विचार ओसरत असले, तरी पुढच्या महिन्यात ते परत येतात. म्हणून बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांची भेट टाळू नये.

समारोप

सारांश असा की, पाळीआधीचा त्रास खरा आहे. तो कमी करता येतो. आणि त्यासाठी आधी तो नीट मोजावा लागतो. नोंद ठेवली, की दोन अन्याय टळतात. खऱ्या आजाराला 'स्वभाव' म्हणून हिणवणे थांबते, आणि खऱ्या तक्रारीला 'ते दिवस' म्हणून झिडकारणेही थांबते. आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी मंडळाने रकाने आखलेले एक साधे पान मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून वाटले, तर त्याचा खर्च फार येणार नाही आणि पुष्कळ जणींना आरंभ करणे सोपे जाईल. तोपर्यंत वही प्रत्येकीजवळ आहेच. आज रात्री पहिली तारीख टाकावी.